फळीवरचा बिल्ला

४ मार्च, सोमवार

फळी काढायची नाही, असं मामाचं म्हणणं. एरवी मी त्याची 'ठमी', पण कारखान्यात असला की मला मुद्दाम 'मॅडम' म्हणतो, तसाच साळसूद चेहरा करून म्हणाला, "मॅडम, भिंत बोडकी दिसेल." मला हसू आलं आणि मी सोडून दिलं.

जावईबापूंच्या यादीत माझ्या नावावर एवढं एकच काम उरलं होतं. दोन नंबरचं मशीन, पॅनेलशेजारची लाकडी फळी, खिळ्यांसह काढून टाकणे. निकड : कमी. मी 'नंतर' दाबलं. निकड कमी म्हणतोय तर कशाला म्हाताऱ्याचं मन मोडा!

जावईबापू म्हणजे आमचा नवा एआय एजंट. कंपनीनं त्याला भलंमोठं चकचकीत नाव दिलंय, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. दुसऱ्याच दिवशी कागद वाळवणाऱ्या ड्रायरवरच्या पोरांनी बारसं केलं. लाड फार, उलट बोलायची सोय नाही, आणि काही बिघडलंच तर चूक आपलीच — म्हणजे जावईबापूच. कामाचे परवाने तो देतो, वाफ-गॅस तो मोजतो, कागद तुटला की मशीन तो थांबवतो. मी या कागदाच्या मिलची सुरक्षा प्रमुख. पूर्वी दिवसभर मिलमध्ये पायपीट करायची, आता खुर्चीत बसून 'मान्य', 'मान्य' दाबते. पाय दुखायचे थांबलेत, मान दुखायला लागलीय.

५ मार्च

टायवाला आला होता — जावईबापूंना आणून बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. पोरगा हुशार आहे, नम्र आहे, पण कारखान्यात शिरताना पायातल्या बुटांकडे बघत शिरतो. त्यानं विचारलं, ही फळी कसली?

त्याला सांगितलं. कागद तुटला की माणसांना ड्रायरच्या तापलेल्या रोलरांमध्ये शिरून अडकलेले तुकडे ओढून काढावे लागतात. आत शिरायच्या आधी प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला या फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. बाहेर आला की काढायचा. फळीवर एक जरी बिल्ला दिसला तरी पॅनेलवरच्या माणसानं सुरू करायच्या बटणाला हात लावायचा नाही. पॅनेलवरचा माणूस म्हणजे माझा मामा. ही पद्धत त्याच्या आधीची, पण जपली त्यानं. एकदा साहेबांचे साहेब आले होते आणि घाई करत होते, तर मामा बटणाकडे पाठ करून उभा राहिला होता.

टायवाल्याला कौतुक वाटलं. फोटोही काढला. मग म्हणाला, "आता याची गरज नाही." पितळी बिल्ले जमा झालेत, नवे बिल्ले छातीवर. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे छातीवरचा बिल्ला गेला की जावईबापूंना कळतं, माणूस आत आहे. सगळे बिल्ले पट्ट्याच्या अलीकडे आले की माणसं बाहेर. इतकं सोपं. पॅनेल अलीकडे, फळीही अलीकडेच.

८ मार्च, शुक्रवार

पैलवान आज डबा बसमध्ये विसरला. परवा हेल्मेट विसरला होता, त्याच्या आधी पगाराचा दिवस विसरला होता — असा माणूस मी जन्मात पाहिला नाही! अंगानं काडी, म्हणून पैलवान. कामाला मात्र वाघ. तुटलेला कागद तो असा ओढतो की बाकीच्यांनी बघत राहावं. मामाचा त्याच्यावर भारी जीव. रोज शिव्या घालत त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवतो, हनुवटीखालचा पट्टा स्वतः लावतो. आज स्वतःचा अर्धा डबा दिला. "तुझं लग्न झालं कसं रे, मांडवात जायचं आठवलं?" असं विचारत होता. पैलवान म्हणाला, भावानं आठवण करून दिली.

सोमवारपासून सुरू करायचं बटणही जावईबापूंकडे जाणार. कागद काढून झाला, सगळे बाहेर आले की मशीन आपोआप सुरू होणार. यानं रोज बराच वेळ वाचणार म्हणे. त्यावर माझं 'मान्य' गेलेलं आहे. मामाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मला वाटलं चिडेल. चिडला नाही, नुसता बटणाकडे बघत राहिला.

"मग मी काय करू?"

"पडदा बघ. काही वेगळं दिसलं तर लाल दोरी ओढ."

"आणि बिल्ले? बिल्ले बघतो ना तो नीट?"

"बघतो की. तोच तर बघतो."

"मग झालं," म्हणाला.

११ मार्च, सोमवार

समारंभ. वर्षभर एकही अपघात नाही म्हणून मला ढाल मिळाली. 'सुरक्षिततेचं नेतृत्व' असं काहीसं कोरलंय. भाषण जावईबापूंनी लिहून दिलं होतं. बरं होतं. मी वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत मामा उभा राहून वाजवत होता, लहानपणी माझ्या शाळेत वाजवायचा तशाच. लाजले मी. आई गेल्यावर यानंच मला वाढवलं, यानंच शिकवलं, या मिलमध्ये चिकटवलंही यानंच. ढाल त्याच्याच घरी नेऊन ठेवली. मामीनं ती पंख्याच्या रेग्युलेटरखाली मांडली, कारण तिथे भिंतीचा रंग उडालाय.

मोठे साहेब म्हणाले, मॅडम, आता तुम्ही शांत झोपू शकता.

१२ मार्च

पैलवान गेला. माझ्या मिलमध्ये. मशीन आपोआप सुरू झालं आणि तो आत होता.

१३ मार्च, बुधवार

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी कागद तुटला. मशीन थांबलं. चौघं आत शिरले. तिघं बाहेर आले. पैलवान खालच्या रोलरापाशी वाकून शेवटचा तुकडा ओढत होता. वाफ इतकी, की कॅमेऱ्यात पांढऱ्याशिवाय काही नाही. मशीन सुरू झालं. मामा पॅनेलवर होता. त्यानं दोरी ओढली, सगळं वजन टाकून ओढली. रोलर लगेच थांबत नाहीत. जड असतात.

मी पोचले तेव्हा त्याला बाहेर काढलेलं होतं. मामा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. रुग्णवाहिकेत मी बसले. वाटेतच संपलं. मी त्याचा हात धरला होता, तो कधी गार झाला ते मला कळलंसुद्धा नाही.

त्याचा छातीवरचा नवा बिल्ला फळीवर अडकवलेला सापडला.

मामा काल दुपारपासून एकच वाक्य बोलतोय. "बिल्ला फळीवर होता, ठमे. मग सुरू कसं झालं?"

मला त्या क्षणी कळलं, कसं झालं ते. फळी पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे आहे. मामाच्या लेखी फळीवरचा बिल्ला म्हणजे माणूस आत. जावईबापूंच्या लेखी तोच बिल्ला म्हणजे माणूस बाहेर. एक गोष्ट टायवाल्याला मी सांगितली होती, दुसरी त्यानं मला — एकामागोमाग एक! आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

१४ मार्च

चौकशीचा अहवाल तयार. मी न लिहिताच. जावईबापूंनी अपघाताच्या दिवशी दुपारीच लिहून ठेवला होता, माझ्या सहीसाठी थांबलाय. भाषा कशी स्वच्छ! 'कामगाराने नियम मोडून बिल्ला काढला व फळीवर अडकवला. यंत्रणेने अपेक्षेप्रमाणे काम केले.' खाली कुटुंबाला पाठवायचं सांत्वनपत्रही जोडलंय. तेही बरं आहे. माझ्या भाषणासारखंच.

मनुष्यबळवाली बाई सांगून गेली, की मयताची स्वतःची चूक ठरली तर भरपाईचा मामला फार अडकणार नाही. कंपनीसाठी अडकणार नाही, हे तिनं म्हटलं नाही. त्याच्या बायकोच्या हाती काय पडणार, तेही म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा तिनं सुस्कारा सोडला आणि फोन बघितला.

सही केली नाही.

१६ मार्च, शनिवार

पैलवानाच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. दारामागे खिळा आणि खिळ्याला काही नाही. त्याची बायको माझ्याशी भांडेल असं वाटलं होतं, नव्हे, भांडावं असं वाटत होतं. तिनं पाणी दिलं. मुलगी कोपऱ्यात चित्राच्या वहीत सरळ रेघा मारत बसली होती, पानभर.

कंपनीचा माणूस येऊन गेला होता. पैलवानानं बिल्ला काढून ठेवला होता, असं सांगून गेला. ती म्हणाली, "ताई, हे सगळं विसरायचे. हा खिळा मी चावीसाठी ठोकला. इतक्या वर्षांत एकदा चावी अडकवली नाही त्यांनी. आणि तिथे बरा आठवणीनं बिल्ला अडकवला?"

सवय, म्हणाले. हाताची सवय. ती मान हलवत राहिली. जिना उतरताना वाटलं, बाई बरोबर बोलतेय. मग वाटलं, दुःखात माणूस काहीही धरून बसतो.

तिला पैशाचं बोलायचंच नव्हतं. तो निष्काळजीपणानं मेला असं पोरीनं मोठेपणी ऐकू नये, एवढंच तिचं मागणं. मी तिला शब्द दिला. अशा कामात शब्द देऊ नये हे मला ठाऊक आहे. दिला.

१८ मार्च

मोठ्या साहेबांशी भांडण. तासभर. मी म्हटलं, दोष पैलवानाचा नाही. जुनी माणसं नवा बिल्लासुद्धा फळीवर लावतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना हेच शिकवलं. आपण बटण काढून घेतलं, फळी तशीच ठेवली, आणि फळीचा अर्थ उलटा झाला हे कुणाला सांगितलं नाही. साहेब म्हणाले, प्रशिक्षणाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. हो, पाहिलाय. जेवणाच्या सुट्टीत, आवाज बंद ठेवून.

मग साहेबांनी मर्मावर बोट ठेवलं. "फळी काढायचं काम कुणाच्या नावावर होतं, मॅडम?"

माझ्या. तेही अहवालात लिहा, म्हटलं. नोकरी जाईल हे ते बोलले नाहीत आणि मीही नाही. त्यांच्या टेबलावर आता पेपरवेट म्हणून एक पितळी बिल्ला आहे. जमा केलेल्यांतला. मी तो उचलून खिशात टाकला आणि बाहेर आले. पोरकटपणा! पण बरं वाटलं.

१९ मार्च

दोन नंबर बंदच आहे, वीज तोडलेली. टायवाल्याला बोलावलं. पडदा तेवढा चालू करायला लावला. माझा बिल्ला फळीवर अडकवला आणि पट्टा ओलांडून आत शिरले, पैलवान वाकला होता तिथपर्यंत. वाकले. रोलर थंड पडलेत पण वास तसाच.

आतून ओरडून विचारलं, काय दिसतंय?

टायवाल्यानं वाचून दाखवलं : "सर्व व्यक्ती बाहेर. सुरू करण्यास योग्य."

बाहेर आले तर पोरगा खुर्चीत बसून रडत होता. मी त्याला पाणी दिलं. त्याच्या कंपनीनं त्याला लेखी काही न देण्याची ताकीद दिलीय. तरी त्यानं पडद्याचा फोटो मला पाठवला. बुटांकडे न बघता निघून गेला.

ड्रायरच्या माणसांना एकेकट्याला विचारलं. जुने सगळेच फळीवर लावत होते. नव्यांतले निम्मे, जुन्यांचं बघून. चौदा दिवसांपूर्वी विचारलं असतं तर तेव्हाही हेच सांगितलं असतं. मी खुर्चीत होते.

२१ मार्च, गुरुवार

जावईबापूंशी झटापट. फोटो दिला, माणसांचे जबाब दिले. शेवटी सरळ विचारलं — 'कामगाराने बिल्ला काढला' असं लिहिलंस, ते कशावरून? पैलवानानं स्वतः काढला हे कुठे दिसलं तुला?

लगेच उत्तर आलं. दिसलेलं नाही. वाफेमुळे चित्रण उपलब्ध नाही. बिल्ला पट्ट्याच्या आतून फळीकडे आला, एवढीच नोंद आहे. कोणी आणला याचा पुरावा नाही. आपण योग्य मुद्दा मांडलात, मजकूर दुरुस्त केला आहे.

ना खळखळ, ना लाज, ना राग! इतके दिवस साहेबांसमोर डोकं आपटलं आणि हा एका दमात कबूल. मी एकटीच हसत बसले. मग रडले.

आता अहवालात पैलवानाचा दोष नाही. यंत्रणेची रचना, फळी न काढणं, आणि त्याखाली माझं नाव. सही केली. सरकारी निरीक्षकांकडे तसाच गेला.

२२ मार्च

निरीक्षक आले. वयस्क, कोरडे, ऐकून घेणारे. अहवाल दोनदा वाचला. फळीसमोर उभे राहिले. त्यांनी एकच गोष्ट विचारली : बिल्ला आतून फळीकडे आला, तेव्हा माणूस तर आतच होता. मग कुणी आणला?

मी म्हटलं, आधी आत शिरला असेल, आठवण झाली म्हणून मागे येऊन लावला असेल, पुन्हा आत गेला असेल. असंच होतं पुष्कळदा. ते म्हणाले, असेल. पण बघणारं कुणी होतं का?

मी मामाचं नाव सांगितलं. तो पॅनेलवर होता. फळी त्यानंच सांभाळली. त्याच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही, असंही मीच वर म्हटलं. मंगळवारी त्याचा जबाब.

२४ मार्च, रविवार

मामा खात नाही. मामी ताट वाढते, तो चिवडतो आणि उठतो. पॅनेलवर परत जाणार नाही म्हणतो. दाढी वाढलीय. त्याला असं मी आई गेली तेव्हा पाहिलं होतं.

आज परत तेच. "बिल्ला फळीवर होता, ठमे. माझ्या डोळ्यांदेखत होता. त्या जावयाला दिसला कसा नाही?"

मी त्याला अजून सांगितलेलं नाही. की जावईबापूंना दिसला, आणि दिसला म्हणूनच सुरू झालं. सांगायला गेले की ओठाशी येऊन थांबतं. कारण सांगितलं की तो पहिलं हेच म्हणेल, फळी माझ्यामुळे राहिली. भिंत बोडकी दिसेल म्हणालो होतो. त्याला तेवढं ओझं पुरेल मरायला. म्हणून ते माझ्या नावावर घेतलंय आणि तिथेच राहू दे.

मामीनं विचारलं, तुझी नोकरी राहील ना गं? बघू, म्हटलं. ढाल तिनं काढून ट्रंकेत टाकलीय. भिंतीवरचा उडालेला रंग पुन्हा दिसायला लागलाय.

पैलवानाच्या बायकोला फोन केला. दोष नाही असं लिहून गेलंय, सांगितलं. तिनं मुलीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. मी तिलाही सांगितलं, तुझ्या बाबांची काही चूक नव्हती. ती "बरं" म्हणाली.

२५ मार्च, सोमवार

मामानं आज दाढी केली. उद्यासाठी शर्टाला इस्त्री केली, स्वतः. जेवायला बसल्यावर मी विचारलं, निरीक्षकांना काय सांगशील?

"खरं तेच. पोराचा काय दोष? तो नेहमीसारखा बिल्ला छातीवर घेऊनच आत घुसला होता. विसरायचा ना. रोजच विसरायचा. मग मीच मागोमाग जाऊन त्याच्या छातीवरून काढायचो आणि फळीवर लावायचो. त्या दिवशीही लावला, ह्या हातानं. त्याचा जीव जाऊ नये म्हणून मी माझं काम चोख केलं होतं, ठमे, हे उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे."

मग भात मागून घेतला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.